सिझरनंतर तेराव्या दिवशी पुन्हा लाल रक्त

सुरंगी | सोमवार, सकाळी ९:१२

मागच्या गुरुवारी लेकाला वर्ष पूर्ण झालं. त्याच्या बाळंतपणात जे झालं ते लिहायचं वर्षभर मनात होतं, पण लिहायला बसलं की हात थांबायचा. आता लिहितेच. आमच्या वाडीत पुढच्या महिन्यात दोन मुली बाळंतपणाला माहेरी येणार आहेत.

माझं माहेर देवगड तालुक्यात, खाडीच्या काठावर. पहिलं बाळंतपण म्हणून सातव्या महिन्यात पुण्याहून आले. सोळा तास कळा दिल्या, पिशवीचं तोंड पूर्ण उघडलं, पण बाळाचं डोकं खाली अडकलं आणि रात्री सिझर करावं लागलं. बाळ चांगलं, मी चांगली. पाचव्या दिवशी घरी सोडलं. कागदावर टाक्यांची काळजी, लोहाच्या गोळ्या आणि दीड महिन्याने दाखवायला या, एवढंच होतं. रक्त पुन्हा वाढलं तर काय करायचं, याबद्दल एक ओळ नव्हती.

अंगावरून जाणं रोज कमी होत होतं. नवव्या दिवशी नुसता तपकिरी डाग. बाराव्या दिवशी बारसं झालं, घर पाहुण्यांनी भरलेलं. तेराव्या दिवशी पहाटे बाळाला पाजत असताना एकदम गरम धार आल्यासारखं वाटलं. बघते तर ताजं, लालभडक रक्त. गोधडी भिजली. अर्ध्या तासात आपोआप थांबलं. आजी म्हणाली, "रवलेला काय ता जाता, बराच आसा." आईने हॉस्पिटलला फोन लावला, तर बारशात दगदग झाली असेल, आराम करू दे, असं सांगितलं. चौदाव्या दिवशी काहीच गेलं नाही. सगळे निर्धास्त झालो. तो अख्खा दिवस आमच्या हातात होता आणि आम्ही घालवला, हे मला अजून बोचतं.

पंधराव्या दिवशी रात्री साडेअकराला पुन्हा सुरू झालं. वीस मिनिटांत दोन पॅड, मग टॉवेल. कोंबडीच्या अंड्याएवढ्या गाठी पडत होत्या. न्हाणीघरात उभी राहिले आणि डोळ्यांपुढे अंधार आला. पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. बाहेर धो धो पाऊस, भावाने शेजाऱ्यांची गाडी काढलेली, मागच्या सीटवर माझं डोकं आईच्या मांडीवर आणि ती सारखी माझ्या गालावर थापट्या मारतेय.

तालुक्याला पोचलो तेव्हा नाडी १३४ आणि वरचं प्रेशर ८६. सोनोग्राफीत पिशवीत काहीतरी दिसत होतं. वारेचा तुकडा राहिला असेल, पिशवी साफ करू, असं ठरत होतं. पण सोनोग्राफीवाल्या मॅडमनी यंत्रात रंग लावून पुन्हा बघितलं. पिशवीवरच्या टाक्याच्या डाव्या टोकाला एक गोल काळा फुगा होता आणि त्यात रक्त भोवऱ्यासारखं फिरत होतं. त्या तिथल्या तिथे म्हणाल्या, "क्युरेटिंग करू नका, आधी पुढे पाठवा." त्या पाच मिनिटांमुळे माझी पिशवी आज माझ्या पोटात आहे.

रक्त चढवत जिल्ह्याच्या ठिकाणी, तिथून गोव्याला. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी घालून, पडद्यावर बघत बघत त्यांनी ती फुटलेली जागा आतून बंद केली. मी जागी होते. सगळ्या मिळून चार बाटल्या रक्त लागलं. आठवड्याने घरी आले.

त्या दोन मुलींच्या आयांना मी नेमकं काय सांगू? त्यांना घाबरवायचं नाहीये, पण गप्प बसणंही जमत नाही.

---

खाडीकाठ | सोमवार, सकाळी ९:५०

वाचून अंगावर काटा आला. सिझर झालं की रक्तस्रावाचा धोका त्या टेबलावरच संपला, असंच मी धरून चाललो होतो. माझ्या बायकोचं आठव्या दिवशी थोडं वाढलं होतं, तासाभरात थांबलं. आम्ही कुठेच गेलो नाही. चुकलो का आम्ही?

---

अबोली_सिस्टर | सोमवार, दुपारी २:०५

खाडीकाठ दादा, तुमच्या बायकोचं बहुधा नेहमीचंच होतं. मी ३१ वर्षं प्रसूती वॉर्डात काढली, त्यातली निम्म्याहून जास्त रत्नागिरी जिल्ह्यात. जरा सविस्तर लिहिते.

बाळंतपण नॉर्मल असो की सिझर, वार जिथे चिकटलेली असते तिथे पिशवीच्या आत ताटलीएवढी उघडी जखम राहते. पहिले तीन-चार दिवस लाल जातं, मग दहाव्या दिवसापर्यंत गुलाबी-तपकिरी, पुढे पिवळट-पांढरं, आणि चार ते सहा आठवड्यांत बंद होतं. सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान त्या जखमेची खपली सुटते, तेव्हा थोडा वेळ लाल दिसू शकतं. गुडघा फुटल्यावर खपली निघाली की टिपूसभर रक्त येतं ना, तसंच. ते तास-दोन तासांत ओसरतं, पॅड चिंब होत नाही, बाई हिंडती-फिरती असते.

सुरंगीचं तसं नव्हतं. बाळंतपणानंतर २४ तास उलटून गेल्यावर ते १२ आठवड्यांपर्यंत कधीही जास्त रक्त जाऊ लागलं, तर त्याला डॉक्टर उशिराचा रक्तस्राव म्हणतात. शंभरात साधारण एक-दोन जणींना होतो. कारणं मुख्यतः दोन: वारेचा किंवा बाळाभोवतीच्या पडद्याचा तुकडा आत राहणं आणि पिशवीत जंतुसंसर्ग होणं. बऱ्याचदा दोन्ही एकत्र. सिझरमध्ये डॉक्टर हात घालून पिशवी पुसून काढतात, मग तुकडा राहीलच कसा, असं मला कितीतरी नवऱ्यांनी विचारलंय. राहतो. पडदा ओल्या कागदासारखा फाटतो आणि चिकटून बसतो. सिझरमध्ये आणखी दोन गोष्टींची भर पडते. एक म्हणजे पिशवीवरचा टाका संसर्गाने कुजून सुटणं, दुसरी सुरंगीला झाली ती, टाक्याजवळच्या धमनीला फुगा येऊन तो फुटणं.

आता घरी काय बघायचं. पॅड घड्याळ लावून बघा. एका तासात एक पॅड पूर्ण भिजलं किंवा अंड्याएवढी गाठ पडली की निघायचं. मुंबईत वीस मिनिटांवर हॉस्पिटल असणाऱ्या बाईने दुसऱ्या तासाची वाट बघितली तर एक वेळ चालेल, पण वेळणेश्वर, जैतापूर, विजयदुर्ग, आचरा इथल्या बाईने बघू नये. ताप १००.४ च्या वर, घाण वास, ओटीपोट दाबल्यावर दुखणं, यातलं काही असेल तर रक्त थोडं असलं तरी त्याच दिवशी दाखवा. आणि नाडी मोजा. प्रेशर शेवटी पडतं. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट झालेलं असतं, त्यामुळे तरुण बाई बरंच रक्त जाईपर्यंत टिकून धरते आणि मग एकदम कोसळते. त्याआधी तिची नाडी पळायला लागलेली असते. आडवी पडलेली असताना मिनिटाला १०० च्या वर नाडी आणि अंगावरून जातंय, एवढं पुरे आहे.

एक गोष्ट हात जोडून सांगते. पाळी जास्त जाते म्हणून घरात ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या पडलेल्या असतात, त्या बाळंतिणीला आपल्या मनाने देऊ नका. ते औषध चांगलंच आहे. २०१७ साली २१ देशांतल्या सुमारे २०,००० बायकांवर झालेल्या अभ्यासात दिसलं, की बाळंतपणातल्या रक्तस्रावात ते शिरेतून दिलं, तेही तीन तासांच्या आत, तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात. पण घरी गोळी दिली, थोडं कमी झाल्यासारखं वाटलं आणि रात्र तशीच काढली, असं मी वॉर्डात बघितलंय.

---

माजघर | सोमवार, संध्याकाळी ६:३०

मी सत्तरीची आहे. नातीने हा धागा मला वाचून दाखवला, मी सांगते ते तीच लिहून देतेय.

माझी मोठी जाऊ सतराव्या दिवशी गेली. बाळंतपण घरीच, सुईणीच्या हातचं झालं होतं. चार दिवस थोडं थोडं जायचं, मधेच थांबायचं. ओटीवरची माणसं म्हणायची, घाण निघून जातेय, जाऊ दे. शेवटच्या दिवशी तिचे ओठ पांढरेफटक झाले होते आणि ती सारखी तहान तहान करत होती. बाळंतिणीला पाणी बाधतं म्हणून आम्ही तिला घोट घोटच दिलं. नंतर सगळ्यांनी बाधा झाली असं ठरवलं. ज्या दिवशी ती न्हाणीघरातून येताना पडली होती, त्या न्हाणीघराच्या दारात लिंबू कापलं.

सुरंगी, तुझी आजी चुकली असं तिला म्हणू नकोस. आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं की जातं ती घाण नसते, अंगातलं चांगलंच रक्त असतं. पण आता माझ्या नातसुनेची वेळ आली की मी स्वतः पॅड मोजणार आहे.

---

सुरंगी | सोमवार, रात्री ८:१५

माजघर आजी, तुम्ही लिहिलंत म्हणून फार बरं वाटलं. आजीला मी काही म्हटलेलं नाही. माझ्या पायाशी रात्रभर तीच बसली होती.

ती तहान मलाही लागली होती. गाडीत मी फक्त पाणी मागत होते, असं आई सांगते.

---

लाटांचा_आवाज | सोमवार, रात्री १०:२०

मी रेडिओलॉजिस्ट आहे, सध्या कोल्हापुरात, मूळचा राजापूरचा. सुरंगीताई, तुमच्या त्या सोनोग्राफीच्या मॅडमना माझा नमस्कार कळवा. त्यांनी जे केलं त्यामागचं कारण इथे लिहून ठेवतो, कारण रंग लावून बघणं म्हणजे काय हे नातेवाइकांनाही माहीत असावं.

सिझरमध्ये पिशवीच्या खालच्या भागावर आडवा छेद घेतात. त्याच्या दोन्ही टोकांना लागूनच पिशवीच्या मोठ्या धमन्या जातात. बाळाचं डोकं फार खाली अडकलेलं असेल तर ते काढताना छेद बाजूला फाटू शकतो. ताईंना पूर्ण कळा येऊन गेल्या होत्या, म्हणजे तीच परिस्थिती. कधी टाका घालतानाच सुईने धमनीच्या भिंतीला भोक पडतं. त्या वेळी रक्त थांबल्यासारखं दिसतं, कारण बाहेर आलेल्या रक्ताची गाठ होऊन ती तिथेच चिकटते. पण आत धमनी धडधडत असते आणि ती गाठ आतून पोखरली जाऊन तिथे पोकळी तयार होते. या पोकळीला धमनीची स्वतःची भिंत नसते, आजूबाजूचं मांस आणि साकळलेलं रक्त हेच तिचं आवरण. कधी दहा दिवसांनी, कधी महिन्याने ते फुटतं. फुटलं की धार लागते, प्रेशर उतरलं की पुन्हा गाठ बसते आणि रक्त थांबतं. म्हणून हे रक्त येतं, थांबतं, एखादा दिवस काहीच नाही, आणि पुन्हा दुप्पट जोराने येतं. तुमचा चौदावा दिवस हा त्या आजाराचाच भाग होता. त्याला बरं होणं समजू नये.

साध्या काळ्या-पांढऱ्या सोनोग्राफीत ही पोकळी, साकळलेलं रक्त आणि वारेचा तुकडा यांतला फरक बऱ्याचदा कळत नाही. कलर डॉपलर लावला की पोकळीत रक्त गोल फिरताना दिसतं, अर्धं लाल अर्धं निळं. ते न बघता पिशवी खरवडली आणि त्या पातळ आवरणाला धक्का लागला, तर टेबलावरच नळ सोडल्यासारखं रक्त येतं. मग जीव वाचवायला पिशवी काढण्यावाचून डॉक्टरांच्या हातात काही उरत नाही.

उलटही सांगतो, नाहीतर लोक क्युरेटिंगलाच घाबरतील. वारेचा तुकडा खरंच राहिला असेल तर तो काढावाच लागतो आणि ते काम वेळेवर झालेलं बरं. माझं म्हणणं एवढंच, की सिझर झालेल्या बाईची पिशवी साफ करण्याआधी, ती तेवढी स्थिर असेल तर, डॉपलर झालाय का हे विचारा. विचारल्याने कुठलाही भला डॉक्टर रागावणार नाही.

नळीतून रक्तवाहिनी बंद करण्याच्या उपचाराला एम्बोलायझेशन म्हणतात. जिलेटिनचे बारीक तुकडे, धातूची गुंडाळी किंवा वैद्यकीय गोंद वापरतात. पिशवी वाचते, पुढे मूलही होऊ शकतं. हे करणारे तज्ज्ञ आणि यंत्र सगळीकडे नसतं, त्यामुळे आपल्या भागातून कोल्हापूर, गोवा किंवा मुंबईच गाठावी लागते. पावसात घाट बंद असेल तर कोणत्या वाटेने जायचं, हे निघायच्या आधीच विचारून ठेवा.

---

सुरंगी | मंगळवार, सकाळी ७:४०

डॉक्टर, छेद फाटला होता हे नंतर केसपेपरवर वाचलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तेराव्या दिवशीच निघालो असतो, असं वाटत राहतं.

आणि एक. नळीतून जो रंग सोडतात, त्यामुळे बाळाला दूध पाजू नका असं एका नातेवाइकाने ठासून सांगितलं होतं. मी दोन दिवस दूध पिळून ओतून दिलं. नंतर कळलं की त्याची गरज नव्हती, पाजलं तरी चालतं. ते दोन दिवस बाळ वरच्या दुधावर होतं आणि मी रडत होते.

---

पेजपिठी | मंगळवार, सकाळी १०:०२

माझी सासू म्हणते अळिवाचे लाडू आणि शेक यामुळे उष्णता वाढून असं होतं. खरं का?

---

अबोली_सिस्टर | मंगळवार, दुपारी १:१५

नाही. अळिवाने धमनी फुटत नाही आणि लाडू बंद केल्याने आतला तुकडा बाहेर पडत नाही. अळीव, नाचणी, कुळथाची पिठी, मासे, सगळं खाऊ द्या. अंगात रक्त कमी असेल तर तेवढाच रक्तस्राव दुप्पट भारी पडतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं होतं. हिमोग्लोबिन आठवर असलेली बाई आणि बारावर असलेली बाई एकाच रस्त्याने दोन तास जाते, तेव्हा दोघी सारख्या पोचत नाहीत. म्हणून गरोदरपणातल्या लोहाच्या गोळ्या शौचाला काळं होतं म्हणून उशीखाली ठेवू नका.

शेकाचं म्हणाल तर खोली उबदार ठेवायला हरकत नाही, पण खाटेखाली शेगडी, वरून घाम आणि प्यायला पाणी नाही, हे थांबवा. ताज्या सिझरवर पोट चोळणं आणि करकचून पट्टा बांधणंही नको. माजघर आजींनी पाण्याचं लिहिलंय ते वाचून मी जरा वेळ गप्प बसले.

---

तिरफळ | मंगळवार, दुपारी ४:४८

माझं कारण वेगळंच निघालं, म्हणून लिहिते. सिझर अगदी ठरवून, काहीच अडचण नाही. अठराव्या दिवसापासून लाल सुरू झालं आणि थांबेचना. धार नव्हती, पण रोज पाच-सहा पॅड. सोनोग्राफी दोनदा स्वच्छ. डॉपलर स्वच्छ. ताप नाही. प्रतिजैविकं झाली, पिशवी आकसायची औषधं झाली. शेवटी एका वयस्क डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाळी पहिल्यापासून खूप जायची का? दात काढला तेव्हा रक्त थांबायला वेळ लागला होता का? माहेरी कुणाचा घोळणा फुटायचा?" तिन्हीला हो. वडिलांचा घोळणा तर दर उन्हाळ्यात फुटायचा, आम्ही त्याला उष्णता म्हणायचो.

तपासणीत फॉन विलेब्रांड नावाचा आजार निघाला. रक्त गोठवणारा एक घटक जन्मतःच कमी. गरोदरपणात तो आपोआप वाढतो, म्हणून सिझरच्या वेळी काही कळलं नाही. बाळंतपणानंतर एक ते तीन आठवड्यांत तो पुन्हा मूळच्या पातळीवर उतरतो आणि रक्त तेव्हा सुरू होतं. मोठ्या शहरात जाऊन तपासणी करावी लागली. आता लेकीच्या कागदावरही ते लिहून ठेवलंय, कारण तो आईबापांकडून येतो.

पहिल्या तपासणीलाच डॉक्टरांनी हे तीन प्रश्न विचारले नाहीत तर तुम्ही स्वतःहून सांगा. लाजू नका.

---

आशा_गुहागर | मंगळवार, रात्री ९:०५

मी आशा कार्यकर्ती आहे. सिझर झालेली बाळंतीण घरी आली की आम्ही ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जायचं असतं. लोकांना वाटतं आम्ही फक्त बाळाचं वजन करायला येतो. आमच्या फॉर्मवर आईबद्दलही प्रश्न असतो: २४ तासांत किती पॅड बदलले? पाचाहून जास्त असतील तर हॉस्पिटलला पाठवायचं. हा प्रश्न मी सासूसमोर विचारला की मुलगी खाली बघते आणि "ठीक आहे" म्हणते. म्हणून आता मी बाळाला आंघोळीला नेलं की मग तिला एकटीला विचारते.

आमची खरी अडचण वेगळी आहे. मुलीचं नाव सासरी, नाहीतर मुंबईत नोंदवलेलं. सिझर कांदिवलीला, पाचव्या-सहाव्या दिवशी डिस्चार्ज, आणि आठव्या दिवशी ती गाडीने गावी. तिथल्या आशाच्या यादीत ती असते, पण घरी नसते. माझ्या वाडीत ती असते, पण माझ्या यादीत नसते. कुणी आलंय हे मला पाळण्याचं आमंत्रण आल्यावर कळतं. मुलगी माहेरी आली की पहिल्याच दिवशी गावच्या आशाला कळवा, एवढं करा.

पैशांमुळे थांबू नका. १ जून २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. सरकारी हॉस्पिटलात सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि ने-आण फुकट, आणि बाळंतपणानंतरच्या त्रासालाही तो लागू आहे. सिझर खाजगीत झालेलं असलं तरी सरकारी हॉस्पिटलात या, कुणी परत पाठवणार नाही. १०८ ला फोन करताना "बाळंतीण आहे, सिझर झालंय, रक्त जातंय" हे तीन शब्दगट पहिल्या वाक्यात सांगा.

---

नवखी_०७ | मंगळवार, रात्री १०:४१

माफ करा, मी इथे पहिल्यांदाच लिहितेय. माझी वहिनी, सिझरचा अकरावा दिवस. मुंबईला झालं, शुक्रवारी गावी आलो. संध्याकाळी सातपासून लाल जातंय, आतापर्यंत चार पॅड. वास येतोय. अंग गरम आहे, १०१. दादा म्हणतो सकाळी उजाडल्यावर चिपळूणला नेऊ, रात्री रस्ता खराब आहे. सकाळपर्यंत थांबलं तर चालेल का? आम्ही गुहागरच्या पुढे राहतो.

---

अबोली_सिस्टर | मंगळवार, रात्री १०:४४

बाळा, थांबू नका. आत्ता १०८ ला फोन कर आणि मग पुढचं वाच.

तिला आडवी ठेवा, पाय उशीवर, अंगावर चादर. चालवत न्हाणीघरात नेऊ नका. जेवण देऊ नका, भूल द्यावी लागू शकते. घरातली कुठलीही गोळी नको. मुंबईची फाईल आणि रक्तगटाचा कागद पिशवीत टाक. बाळाला सोबत घ्या, आईपासून मागे ठेवू नका. दादासोबत रक्त देऊ शकेल असा एक तरी धडधाकट माणूस गाडीत बसवा. आणि एका कागदावर लिही: कधी सुरू झालं, प्रत्येक पॅड किती वाजता बदललं, ताप किती, नाडी किती. वापरलेली पॅड फेकू नका, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्या, डॉक्टरांना बघायची असतात.

---

आशा_गुहागर | मंगळवार, रात्री १०:४७

गावाचं नाव मला वैयक्तिक निरोपात पाठव. तिकडच्या आशाला मी उठवते.

---

लाटांचा_आवाज | मंगळवार, रात्री १०:५२

ताप आणि वास आहे म्हणजे संसर्ग असण्याची शक्यता जास्त. पण सिझर आहे, तेव्हा डॉपलरची आठवण करून द्या. निघायच्या आधी हॉस्पिटलला फोन करून येतोय असं सांगा, म्हणजे रक्ताची सोय लागेल. वहिनी रक्त पातळ होण्याची इंजेक्शनं घेत असेल तर तेही पहिल्यांदा सांगा.

---

नवखी_०७ | मंगळवार, रात्री ११:१९

गाडी आली. निघतोय. नाडी ११८.

---

माजघर | बुधवार, पहाटे ५:१०

पोचलात का गं?

---

सुरंगी | बुधवार, सकाळी ८:३३

मी रात्रभर तीनदा उठून बघितलं. कळव, बाई.

---

नवखी_०७ | शुक्रवार, दुपारी ३:२६

उशिरा लिहितेय, फोन दादाकडे होता आणि बाळ माझ्याकडे.

साडेबारापर्यंत चिपळूणला पोचलो. हिमोग्लोबिन ६.८ निघालं. पिशवीत संसर्ग होता आणि पडद्याचा तुकडा राहिला होता. डॉपलर त्यांनी आम्ही विचारायच्या आधीच केला, रक्तवाहिनीचं काही नव्हतं. रात्रभर सलाईनमधून प्रतिजैविकं आणि रक्त दिलं, दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीखाली बघत तुकडा ओढून काढला. दोन बाटल्या रक्त लागलं. दादाने दिलं आणि आशाताईंनी उठवलेल्या ताईंच्या यजमानांनी दिलं, ते आमच्या मागे मोटरसायकलवरून आले होते. कालपासून ताप नाही. आज सकाळी बाळाला छातीशी धरलं तर दूध आलं.

वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंनी तो वेळा लिहिलेला कागद मागून घेतला. वहीचं फाटकं पान होतं, माझं अक्षर वाकडंतिकडं, मधे रक्ताचा एक डाग. मी म्हटलं, नीट लिहून देते. त्या म्हणाल्या, नको, हाच लावते. आता तो वहिनीच्या केसपेपरला पहिल्या पानावर टाचून ठेवलाय.